सिद्दीक नालबंदाचा डावा हात

सिद्दीक नालबंदानं ठोकलेली पत्री बैलाच्या पायातून गळून पडली, असं भीमेच्या दोन्ही काठांवर कुणी सांगणार नाही. नदीच्या अलीकडे आमचा शिरूर तालुका, पलीकडे दौंड. वडगाव रासाई आणि मांडवगण फराटा यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. काळी जमीन, ऊस, आणि वैशाखात तापून निघालेली खडीची वाट. त्या वाटेवर बैलाचे खूर झिजतात, म्हणून त्यांना लोखंडी पत्री मारतात. बैलाचा खूर दोन फाकांचा, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. एका पत्रीला चार खिळे. खिळा अर्ध्या सुतानं आत गेला की बैल महिनाभर लंगडतो.

सिद्दीक तो खिळा बोटांत धरत नसे. बाभळीच्या फांदीचा एक चिमटा त्यानं स्वतः कोरून केला होता. तो चिमटा डाव्या मनगटाला चामड्याच्या पट्टीनं बांधायचा, खिळा त्यात अडकवायचा आणि उजव्या हातानं हातोडी घालायची. कारण त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात वळून बसलेलं होतं, आणि राहिलेल्या बोटांना काही कळत नव्हतं.

नवा गाडीवान आला की आधी तो हात बघायचा, मग बैल सोडायचा. तो हात तसा का झाला, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असणारा मी एकटा नाही, हे मला फार उशिरा कळलं.

*

सत्तावन्न साली आम्ही दोघं सोळा वर्षांचे होतो. मी मल्हारी, चार बैलांच्या घरातला. तो शेखलाल नालबंदाचा थोरला. त्यांचं घर गावाच्या वेशीला, चिंचेखाली. सकाळी तालमीत आणि दुपारी नदीत आम्ही सोबत. त्याची आई सुगराबी भाकरी थापताना माझ्याही वाटणीची थापायची आणि माझी आई सारजाबाई त्याच्यासाठी ताकाचा तांब्या झाकून ठेवायची. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

तालमीचे वस्ताद दगडोबा. दोन्ही कान मोडलेले, मान बैलासारखी. त्यांची एक रीत होती. वजनाला आणि उंचीला सारखी असणारी दोन पोरं ते एकदा निवडत आणि त्यांची जोड लावून देत. मग ती दोघं रोज एकमेकांशीच लढायची, एकमेकांच्या अंगाला तेल लावायची, एकमेकांची लंगोट धुवायची. जत्रेच्या फडात वस्ताद पोरं उतरवायचे ती जोडीनंच. जोडीतला एक आजारी पडला, की दुसराही घरी. "एक बैल घिऊन कुनी नांगरतं व्हय?" असं ते म्हणायचे.

सिद्दीकची जोड माझ्याशी होती.

त्याच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक डाग मीच पहिल्यांदा पाहिला. तेल लावताना. रुपयाच्या नाण्याएवढा, भोवतीच्या कातडीपेक्षा फिका, आणि त्यावर लव नव्हती. मी त्यावर नख दाबलं.

"दुखतं का?"

"काय?"

"हे."

"तू काय करतुयास तिथं?" त्यानं मान वळवून बघितलं. माझं नख रुतलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

आता वाचणाऱ्याला वाटेल, आम्ही घाबरलो असू. आम्ही हसलो. वस्तादांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, की लाल मातीत ताक, तेल आणि हळद मुरते तशी ती पोराच्या अंगात मुरते, आणि मग अंग लोखंड होतं. आम्हाला वाटलं, सिद्दीकच्या अंगाचं लोखंड व्हायला तिथून सुरुवात झाली. मला तर हेवा वाटला. मी माझं अंग रोज चाचपून बघायचो, कुठं बधिर झालंय का.

मग त्याचा खेळ झाला. परगावची पोरं तालमीत आली, की मी पैज लावायचो. गुळाचा खडा, नाहीतर कुणाच्या मळ्यातली काकडी. बाभळीचा हिरवा काटा मी हातात घ्यायचो, सिद्दीक डोळे मिटून हात पुढं करायचा आणि मी तो काटा त्या डागात खुपसायचो. रक्ताचा थेंब वर यायचा. सिद्दीक डोळे मिटूनच विचारायचा, "झालं का रं?" पोरं आ वासायची. मांडवगणचा एक आडदांड पोरगा तर काकडी टाकून पळाला होता.

काटा दर वेळी मीच खुपसायचो. ते काम मी दुसऱ्याला कधी दिलं नाही.

*

चैत्रात मांडवगणची जत्रा. त्या वर्षी वस्तादांनी आमची जोड फडात उतरवायचं ठरवलं होतं. जत्रेला पंधरा दिवस राहिले आणि गावात सरकारी पाहणीवाला आला. खाकी पिशवी, सायकल, डोक्यावर पांढरी टोपी. कोतवालानं दवंडी दिली, की पंचवीस वर्षांच्या आतल्या सगळ्यांनी चावडीपुढं यावं आणि सदरे काढून उभं राहावं. रगतपितीची, म्हणजे महारोगाची, पाहणी आहे. कुणाच्या अंगावर बधिर चट्टा असंल तर दाखवावा, सरकार फुकट गोळ्या देतं.

बधिर चट्टा म्हटल्यावर सिद्दीकनं माझ्याकडं बघितलं. आम्ही तालमीच्या ओट्यावर बसलो होतो. त्यानं आपल्या कोपराखाली हात धरला होता.

"मल्ह्या, ह्यो तर त्यो न्हवं?"

"छ्या! रगतपितीला बोटं झडत्यात. तुला काय झालंय? काल मला दोनदा चीत केलंस."

"तरी दाखवू का? तो म्हनतोय फुकाट गोळ्या हायत."

माझ्या डोळ्यांपुढं फड आला. ढोलकी, तांबडा गुलाल, आणि वस्ताद म्हणताहेत, मल्हारी, घरी जा, तुझी जोड मोडली. मी म्हणालो, "जत्रा झाल्यावर दाखव. पंधरा दिसात काय मरतुयास?"

"त्यो पंधरा दिसानं परत येईल व्हय?"

"येईल की. सरकारी मानूस हाय, जातोय कुठं?"

तो डाग चोळत म्हणाला, "चाचपून बघंल तर कळंलच त्याला."

"तू येऊच नगं. नदीला जाऊन बस. मी बघतो."

मी बघितलं. चावडीपुढं पोरांची रांग लागली. पाहणीवाला एकेकाच्या अंगावरून कोंबडीचं पीस फिरवायचा आणि टाचणीचं टोक लावून विचारायचा, कळतं का. कोतवाल यादी वाचत होता. "सिद्दीक शेखलाल नालबंद!"

कोतवालानं पुन्हा नाव घेतलं. मी उघडा, रांगेत उभा होतो. मी मोठ्यानं ओरडलो, "त्यो दौंडला गेलाय, मावशीकडं! आठ दिसांनी येनार हाय!"

पाहणीवाल्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. चष्म्यामागचे डोळे थकलेले होते. "त्याला सांग," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा गावात राहा म्हणावं." आणि त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या वर्षी. पंधरा दिवसांनी नाही. मी ते ऐकलं, आणि नदीवर जाऊन सिद्दीकला सांगितलं, "झालं काम."

जत्रेत आम्ही दोघंही जिंकलो. मला नारळ आणि फेटा मिळाला. सिद्दीकनं उरळीच्या एका पोराला असा उचलला, की माणसं उभी राहिली. घरी परतताना तो माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होता. डावा हात. अजून त्याला सगळं धरता येत होतं.

*

पावसाळा संपताना त्याची करंगळी वळायला लागली. आधी सकाळी वळायची, दुपारी सरळ व्हायची. दिवाळीपर्यंत ती वळलेलीच राहिली. कोपराच्या आतली शीर सुतळीसारखी जाड झाली होती. रात्री ठणकायची म्हणायचा. मी म्हणायचो, डाव मारताना मुरगळली असंल, तेलानं चोळ.

पौषात एके दिवशी तो बापाला हाताखाली मदत करत होता. बैल पाडलेला, चारी पाय बांधलेले. सिद्दीकनं डाव्या हातात खिळा धरला आणि उजव्या हातानं हातोडी घातली. मी दावं धरून उभा होतो. शेखलालचाचा एकदम ओरडले, "अरे, थांब! थांब!"

हातोडी खिळ्यावर नव्हे, बोटावर पडत होती. एकदा नाही, तीनदा पडली होती. नख उडालं होतं, पत्री रक्तानं भरली होती, आणि सिद्दीक बापाकडं हसत बघत होता, की हे ओरडतात कशाला.

चाचांनी पोराचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. म्हातारा खाली बसला. बैल तसाच बांधलेला, फुसफुसत होता.

पाहणीवाला चैत्रात आला तेव्हा सिद्दीक स्वतःहून चावडीपुढं गेला. पीस लावायचीही गरज पडली नाही. पाहणीवाला म्हणाला, "हा पसरणारा प्रकार नाही. कुणी घाबरू नका. गोळ्यांनी रोग थांबेल." मग हात खाली ठेवत हळू बोलला, "बोटं मात्र परत यायची नाहीत. गेल्या वर्षी सापडला असतास तर हात वाचला असता, बाळ."

मी सात-आठ हातांवर उभा होतो. सिद्दीकनं माझ्याकडं बघितलं नाही.

पसरणारा प्रकार नाही, हे त्या माणसानं तीनदा सांगितलं. गावानं ते एकदाही ऐकलं नाही. त्याच दिवशी बोलणं सुरू झालं: शेखलालच्या पोरानं रोग लपवला. गेल्या साली पाहणी आली तवा दौंडला पळून गेला. अंगाला अंग घासून आमच्या पोरांशी लढत राहिला. आणि माझ्याबद्दल म्हणायचे, बिचारा मल्हारी! रोज त्याच्या मिठीत असायचा, त्याला काय ठावं!

बायाबापड्या माझ्या आईकडं येऊन हळहळायच्या. आईनं माझी लंगोट चुलीत घातली, मला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली आणि रडली. मी ती हळहळ घेतली. दुधासारखी प्यालो.

आमच्या तालमीची आणखी एक रीत होती. तालमीतला कुणी मेला, तर त्याच्या जोडीदारानं कुस्तीच्या हौदातली पाच पाट्या माती नदीला सोडायची. तितकी माती त्याची, असं धरायचं. दगडोबा वस्तादांनी मला बोलावलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मल्हारी, पाच पाट्या काढ."

"वस्ताद, सिद्दीक जित्ता हाय."

"तालमीला न्हाई."

मी पाट्या भरल्या. डोक्यावर घेऊन वेशीतनं नेल्या, कारण नदीची वाट चिंचेखालून जाते. सुगराबीचाची दारात बसली होती. माझी पहिली पाटी बघून तिला कळलं नाही. दुसरीला कळलं. तिसऱ्या पाटीला ती उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पाचही पाट्या मी नदीला सोडल्या. पाणी घटकाभर लाल झालं.

त्याची बहीण हमीदा. तिची दौंडची सोयरीक ठरली होती, ती मोडली. पाहुण्यांनी निरोप धाडला, की रोगाचं आम्ही बघितलं असतं, पण लपवणारं घर नको. पुढं तिला एका बिजवराला दिली, वयानं दुप्पट असणाऱ्याला. हे मी एका ओळीत लिहितो. तिचं आयुष्य एका ओळीचं नव्हतं.

*

गोळ्या यवतला मिळायच्या, दर दुसऱ्या गुरुवारी. नदी उतरायची, केडगावपर्यंत चालायचं, तिथून आगगाडीनं यवत. आमच्या इथं तेव्हा नाव नव्हती. गुळाची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडलेली असे, तिच्यात आठ माणसं दाटीवाटीनं बसत आणि भिमाजी कोळी ती वल्ह्यानं पलीकडं नेई.

श्रावणात एका गुरुवारी मी केडगावला निघालो होतो. काहिलीत सात जण बसलो होतो. सिद्दीक आला. हातात गोळ्यांचा पत्र्याचा डबा. चैत्रापासून मी त्याला इतक्या जवळून बघितलं नव्हतं. खांदे तेच होते.

भिमाजीनं वल्हं आडवं धरलं. "तू न्हाई, सिद्दीक. मानसं उतरत्याल."

"आठवी जागा हाय की, मामा."

"हाय. पन न्हाई."

काहिलीत दगडाबाई म्हणून एक म्हातारी होती, कोंबड्या घेऊन बाजाराला निघालेली. ती म्हणाली, "घ्या की रं त्या लेकराला! कोंबड्या बसल्या, तर मानूस बसंना?"

कुणी बोललं नाही. मी काहिलीच्या तळाकडं बघत होतो. गुळाचा जुना काळा थर लोखंडाला धरलेला होता. तो मला आजही दिसतो.

सिद्दीकनं सदरा आणि धोतर काढलं, डबा त्यात गुंडाळला, गाठोडं डोक्याला बांधलं आणि पाण्यात उतरला. पूर्वी आम्ही दोघं ही नदी चार वेळा आडवी पोहायचो, आणि तो नेहमी पुढं असायचा. त्या दिवशी त्याचा डावा हात पाणी धरत नव्हता. पाणी बोटांतून जायचं, आणि तो खाली खाली वाहवत जायचा, मग उजव्या हातानं वर यायचा. काहील त्याच्या बाजूनं पुढं गेली. एका क्षणाला तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. गाठोडं सावरायला त्यानं मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. त्याला धाप लागली होती. मी कोंबड्यांकडं बघायला लागलो.

कितीतरी वर्षांनी भिमाजी मला बोलता बोलता म्हणाला, "एकट्या म्हातारीच्या बोलन्यावर मी त्याला घेतला असता, तर लोकांनी मलाच धरलं असतं. आनखी एक जन जरी बोलला असता ना, मल्हारी, तर घेतला असता मी."

सिद्दीक चार वर्षं ती नदी पोहून गेला. पुरात सुद्धा. बासष्टच्या उन्हाळ्यात त्याला चिठ्ठी मिळाली, की रोग पूर्ण थांबला आहे. त्यानं ती चिठ्ठी चावडीत नेऊन दाखवली. लोकांनी दुरून वाचली.

शेखलालचाचा तोवर गेले होते. गावातले बैल कुणी आणेना. मग सिद्दीकनं बाभळीचा चिमटा कोरला आणि केडगावच्या वाटेवर, पलीकडच्या काठाला, एका लिंबाखाली बसायला लागला. परगावचे गाडीवान त्याला ओळखत नव्हते. आमच्या गावचा पहिला बैल त्याच्याकडं दगडाबाईनं नेला. कुणी हटकलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "बैलाला तुमच्यावानी अक्कल न्हाई बाबा, म्हनून त्याला रोग लागत न्हाई." हळूहळू बाकीचेही न्यायला लागले, कारण त्याच्यासारखी पत्री कुणाची बसत नव्हती. मी मात्र माझे बैल गड्याबरोबर पाठवायचो.

*

दगडोबा वस्ताद चौसष्टला वारले. तालीम माझ्याकडं आली. पोरं मला वस्ताद म्हणायला लागली. सहासष्टच्या चैत्रात पुन्हा दवंडी झाली, की रगतपितीची पाहणी आहे. त्या दिवशी दुपारी सिद्दीक माझ्या गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. आठ वर्षांत तो पहिल्यांदा आमच्या दारात आला होता.

"आत ये," मी म्हणालो.

"हितंच बरा हाय." त्यानं उंबऱ्याला हात टेकला. "तुज्या तालमीतली पोरं उद्या चावडीवर येनार न्हाईत म्हनत्यात. नदीला जाऊन बसनार हायत. जत्रा जवळ आलीया."

"पोरं हायत. सांगतो त्यास्नी."

"तुजं ऐकत्यात ती. माजं कोन ऐकनार?" त्यानं आवाज खाली आणला. "एकाच्या पाठीवर डाग हाय. मी वढ्याला बघितलाय, आंघूळ करताना."

मग जे नऊ वर्षं सांगितलं नव्हतं ते मी सांगितलं. "सिद्दीक, त्या दिशी कोतवालानं तुजं नाव घेतलं, तवा मी म्हनालो, तू दौंडला गेलायस. त्यो म्हनाला, पुढच्या वर्षी येतो. ते पन मी तुला सांगितलं न्हाई."

"ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल? मी लगीच नदीला गेलोच न्हवतो. चावडीच्या मागल्या भिंतीला टेकून उभा हुतो. मनात आलं हुतं, नाव घेतल्यावर म्होरं व्हावं. तेवढ्यात तू वरडलास. मग तुज्या आधी नदी गाठली." त्यानं चिमट्याची पट्टी उगाच घट्ट केली. "जत्रेचं मलाबी वाटत हुतंच की. सगळं पाप तुला दिलं न्हाई मी. अर्धं माजं हाय. पन लोक म्हनत्यात पुरं माजं हाय, आन् तू ऐकून घेतुयास."

मी म्हणालो, "मला माफ कर."

"माफी घिऊन काय करू? हमीदाला धाडू?" तो रागावून बोलला नाही. बैलाच्या खुराबद्दल बोलावं तसं बोलला. "उद्या पोरास्नी सांग. जे झालं ते सांग." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना हाताला धरून चावडीवर आणलं. गाव जमलं होतं. पोरं सदरे काढेनात. मी बोलायला उभा राहिलो. फेटा बांधला होता मी. जत्रेतला नव्हे, पण फेटाच. मी म्हणालो, "पोरांनू, लपवू नगा. मागं आपल्या तालमीतल्या एकानं लपवलं आन् हात गमावला."

बोललो तेव्हाच मला कळलं, मी काय बोललो ते. गर्दीतनं एक जण म्हणाला, "व्हय, त्या नालबंदानं लपवलं, त्याचं त्यानं भोगलं. आमची पोरं तशी न्हाईत." दोघं-चौघं हसले. ज्या पोराच्या पाठीवर डाग होता तो सदऱ्याच्या गुंड्या लावत मागं सरकायला लागला.

तिथं मी बसू शकलो असतो. माझं काही गेलं नसतं. मी त्या पोराकडं बघितलं. त्याचा जोडीदार त्याला कोपरानं ढोसत होता, चल, चल, असं. मी तो कोपर ओळखला. माझाच होता.

"त्यानं लपवलं न्हाई," मी म्हणालो. आवाज फाटला. "त्यो दाखवनार हुता. मी थांबवलं. मला फडात उतरायचं हुतं. ह्याच जागेला हुबा राहून मी खोटं बोललो, की त्यो दौंडला गेलाय. डागात काटं खुपसून पैजा मारायचो, त्योबी मीच. त्याचा रोग पयला मी बघितला. तुमी आठ वर्सं त्याला बोललात, मी गप ऱ्हायलो. काहिलीतबी गप ऱ्हायलो."

माझी आई बायकांत बसली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला. माझ्यासाठी का तंबाखूसाठी, मला माहीत नाही.

मग त्या पोरानं सदरा काढला.

*

त्याचा डाग वेळेवर सापडला. तो पोरगा आज मांडवगणला ट्रॅक्टर चालवतो, दोन्ही हातांनी. मला तालमीतून कुणी काढलं नाही, पण वस्ताद म्हणणारे आवाज कमी झाले. तेही ठीक झालं.

त्या दिवशी उन्हं कलताना मी माझा बैल स्वतः घेऊन नदी उतरलो. सिद्दीक लिंबाखाली होता. आम्ही दोघांनी मिळून बैल पाडला. दावं कुठं टाकायचं, टाच कुठं लावायची, हे आमच्या अंगाला अजून आठवत होतं. पाय बांधून झाले.

"आज सांगितलं मी," मी म्हणालो.

"ऐकलं."

"तू आला हुतास?"

"मागल्या भिंतीला हुतो." त्यानं कानस काढली आणि खूर घासायला घेतला. बराच वेळ तो घासत राहिला. खुराचा भुगा त्याच्या गुडघ्यावर पडत होता. मी वाट बघत होतो, की आता तो काही बोलेल. एखादी शिवी तरी देईल.

त्यानं पत्री खुरावर बसवली, मनगटाची पट्टी सोडली आणि चिमटा बाजूला ठेवला.

"खिळा तू धर," तो म्हणाला.

मी दोन बोटांत खिळा धरला. त्यानं हातोडी उचलली. दोन पत्र्या, आठ खिळे. एकही घाव चुकला नाही. एखादा चुकावा, असं मला प्रत्येक वेळी वाटत होतं, आणि प्रत्येक वेळी माझी बोटं थरथरत होती.

"बोटं हलवू नगंस," सिद्दीक म्हणाला.